भंगारवाला येण्याआधी तो खण एकदा उघडा

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांमधल्या, विकायला काढलेल्या वाड्यांमधल्या आणि दसऱ्याआधी माळे रिकामे करायला घेतलेल्या समस्त मंडळींना,

स. न. वि. वि.

आमच्या समोरची इमारत पाडणार आहेत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. गेले पंधरा दिवस खाली टेम्पो लागतोय आणि मी गॅलरीत उभी राहून बघतेय. शिसवी पलंगाला गिऱ्हाईक मिळालं. पितळेची भांडी किलोवर गेली, पण निदान घासाघीस होऊन गेली. मग दुसऱ्या मजल्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. खुळखुळणारा. किल्ल्या, बिजागऱ्या, वाकडे खिळे, सायकलचा पाना, असला ऐवज. भंगारवाल्यानं झाकण न उघडताच तो काट्यावर ठेवला तेव्हा मला राहवेना. चपला अडकवल्या आणि खाली गेले.

डब्याच्या तळाशी तो होताच. बोटभर लांबीचा घडीचा चाकू. मुठीची एक बाजू उडालेली, पाती गंजून आत रुतून बसलेली.

“कुणाचा रे हा?” मी त्या घरच्या मुलाला विचारलं. मुलगा म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, हातात फोन, डोक्याला सतरा व्याप.

“आजोबांचा असेल,” तो म्हणाला. “घ्या ना काकू. तुम्हाला आवडतात ना असल्या गोष्टी.”

त्या ‘असेल’पायी हे पत्र लिहायला बसले आहे.

आधी ओळख सांगते. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे आणि खिशातले जुने चाकू जमवते. आजमितीला एकसष्ट आहेत. ‘तुम्हाला कशाला हो चाकू?’ हा प्रश्न मला पुण्याच्या जुन्या बाजारात इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी उत्तर देत नाही. एकानं तर माझ्याकडे नीट बघून चाकू बाजूला सारले आणि विळी पुढे केली. आमचे हे त्या कपाटाला शस्त्रागार म्हणतात आणि पाहुणे आले की आवाज चढवून म्हणतात. शस्त्र मात्र त्यात एकही नाही. तलवारी, कट्यारी, जंबिये यांना वाली पुष्कळ आहेत. त्यांना संग्रहालयांत काचेची कपाटं आणि मखमलीच्या गाद्या मिळतात. मला हवा असतो तो मास्तरांच्या कोटाच्या खिशातला चाकू, तलाठ्याच्या दप्तरातला, माळ्याच्या कंबरेच्या पिशवीतला. त्याला आपल्याकडे धड एक नावही नाही. कुणी घडीचा चाकू म्हणतं, कुणी पेनचाकू. आमच्या घरी त्याला नुसतं ‘खिशातला’ म्हणत. “माझा खिशातला कुठाय?” असं अण्णांनी विचारलं की सगळं घर जागचं हलायचं.

अण्णा माझे वडील, सातारा जिल्ह्यात शाळामास्तर. त्यांच्या चाकूला दोन पाती होती. मोठ्यानं पेरू, ऊस, पार्सलची सुतळी, मनीऑर्डरीची पाकिटं. छोटं फक्त पेन्सिलीचं. त्या छोट्यानं मी एकदा पेरू कापला होता, तेव्हा पिरगळलेला कान अजून आठवतो. मोठं पातं मुळात चांगलं अंगठ्याएवढं रुंद असणार, पण वर्षानुवर्षं दगडावर घासून घासून मी पाहिलं तेव्हा ते उसाच्या पात्यासारखं निमुळतं झालेलं होतं. उन्हाळ्यात त्यानं कैरी कापली की पोलाद बघता बघता निळसर काळं पडायचं आणि फोडीच्या कडेलाही काळी रेघ उमटायची. तिखटमीठ लावलेल्या त्या फोडीला लोखंडाची एक बारीक चव असायची. स्टीलच्या सुरीनं कापलेल्या कैरीला ती येत नाही. इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली न गंजणारं पोलाद ओतलं, त्याचा जगाला फायदाच झाला, पण कैरीचं नुकसान झालं असं माझं मत आहे.

काम झालं की अण्णा चाकू धोतराला पुसत आणि मिटत. टक्! हा आवाज आला की आम्हा भावंडांना कळायचं, आता बैठक संपली, आता फोड मिळणार नाही.

हे ‘टक्’ कुठून येतं ते सांगते, कारण पुढे त्याचं काम आहे. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याच्या बुडाचा भाग चौकोनी ठेवलेला असतो. पातं उघडताना त्या चौकोनाचा कोपरा पट्टीला वर उचलतो, आणि कोपरा ओलांडला की पट्टी सपाट बाजूवर येऊन बसते. मिटतानाही तेच. बस. ना खटका, ना कुलूप, ना बटण. पातं उघडं राहतं ते फक्त पट्टीच्या दाबावर. जमवणारे लोक जुना चाकू हातात आला की आधी कानाशी नेऊन उघडमीट करतात ते याचसाठी. आवाज खणखणीत तर पट्टी जिवंत. आवाज मेला असेल तर कुणीतरी त्या चाकूनं डब्याची झाकणं उचकटली आहेत असं खुशाल समजावं.

आणि याच रचनेमुळे हा चाकू भोसकायला निरुपयोगी आहे. टोकावर जोर दिला की पातं मिटतं ते भोसकणाऱ्याच्याच बोटांवर. मुठीत धरून तळहातानं रेटा देणं हे त्याचं कामच नव्हे. तासणं, सोलणं, चिरणं, हलक्या हातानं ओढत नेणं, यासाठी तो घडवलेला आहे.

इंग्रजीतलं ‘पेननाइफ’ हे नाव पिसाच्या लेखणीवरून आलं. लेखणीचं टोक झिजलं की ते पुन्हा कापायला खिशात चाकू हवा. पण आपल्याकडे ही वस्तू साहेबाबरोबर आली असं कुणी समजू नये. फारसीतून आलेला ‘कलमतराश’ हा शब्द आपल्या दफ्तरांत आधीपासून नांदत होता. कलम तासणारा तो कलमतराश. बोरूचं टोक तिरकं कापायचं, मध्ये चीर द्यायची, आणि लिहिता लिहिता ते बोथट झालं की पुन्हा कापायचं. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. त्यातली ओळन् ओळ कुणीतरी चाकूनं तासलेल्या बोरूनं लिहिलेली आहे. तासणी बिघडली की अक्षर बिघडलं. आपण ‘बोरूबहाद्दर’ म्हणून कारकुनाची चेष्टा करतो, पण त्या बोरूमागच्या चाकूचं नाव कुणी काढत नाही. इतिहासाच्या पुस्तकात तलवारीला पानंच्या पानं मिळाली आणि कलमतराशाला एक ओळ मिळाली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. तक्रार कुणाकडे करायची ते कळत नव्हतं, म्हणून तुमच्याकडे केली.

कलम या शब्दाची दुसरी फांदी तर अजून हिरवी आहे. आमचे मामा राजापूरकडचे. त्यांच्याकडे आंब्याची कलमं करायला माणूस यायचा, त्याचा घडीचा चाकू मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो मला बिघडलेला वाटला, कारण धार एकाच बाजूनं काढलेली होती, दुसरी बाजू काचेसारखी सपाट. “असाच हवा बाय,” तो म्हणाला. दोन्ही बाजूंनी धार असेल तर काप थोडा पोटाशी फुगीर होतो. एका बाजूची धार अगदी सपाट काप देते, आणि खालच्या मुळं धरलेल्या खुंटाचा काप व त्यावर बसवायच्या काडीचा काप एकमेकांवर हवेची फट न राहता बसले तरच सालीखालचा हिरवा थर सांधतो आणि कलम जगतं. त्यानं माझ्यासमोर एका झटक्यात काडी पाचरीसारखी तासली. दोनदा पातं फिरवलं नाही. दोनदा फिरवलं की काप लहरी होतो म्हणे. मग पात्याला बोट न लावता चाकू मिटला आणि कंबरेला खोचला. त्या बोटाचा आणि पात्याचा इतक्या वर्षांचा समजूतदारपणा होता.

आज नाशिक-सांगलीकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाची कलमं करणाऱ्या टोळ्या असोत की विदर्भातल्या शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधणारे हात असोत, काम चाकूचंच आहे. डोळे बांधायच्या चाकूला तर दुसऱ्या टोकाला एक बोथट जीभ असते, पितळेची किंवा हाडाची, साल न फाडता उचलायला. तुमच्या आजोबांच्या चाकूला अशी जीभ असेल तर ते मोडकं पातं समजून फेकू नका. आजोबांनी कुठंतरी झाडं लावली असणार. कुठं, ते विचारा.

आता शेफील्डकडे येते, कारण तुमच्या खणात निघणारा चाकू बहुधा तिथला किंवा तिथल्याची नक्कल असेल. शेफील्डच्या चाकूवाल्यांची कंपनी १६२४ सालची. त्या गावात ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर असत, एखादी खोली भाड्यानं घेऊन एकट्यादुकट्यानं काम करणारे. त्यांच्यातला नावाजलेला स्टॅन शॉ २०२१ साली गेला, नव्वदी ओलांडून. शाळा सुटल्यापासून त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीनं १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात पंचाहत्तर पात्यांचा एक चाकू मांडला होता. तो मला मुळीच आवडत नाही. चाकूचा झुंबर केलाय नुसता. पण त्याच पेढीचे दोन पात्यांचे साधे चाकू आपल्याकडे खूप आले आणि ‘रॉजर’ म्हणजे चांगला चाकू असं जुनी माणसं म्हणायची. नाव चाललं म्हणून नकलाही मुबलक निघाल्या.

म्हणून पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, भिंग लावून बघा. तिथं ठसा असतो. रॉजर्सचा असेल तर तारा आणि शेजारी क्रूस. मुकुट आणि दोन्ही बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ अशी अक्षरं असतील तर तो व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला, म्हणजे १९०१च्या आतला म्हणायला हरकत नाही. ‘जी आर’ असेल तर बहुतेक वेळा पाचवा जॉर्ज नाहीतर सहावा, म्हणजे १९१०च्या पुढचा. ‘मेड इन जर्मनी’ असेल तर तो तिथल्या झोलिंगेन या चाकूंच्या गावचा असण्याची शक्यता फार. या शब्दांमागंही भांडण आहे. जर्मन माल शेफील्डचा म्हणून खपवतात अशी इंग्रज कारखानदारांची ओरड होती, म्हणून १८८७ साली कायदा करून बाहेरच्या मालावर देशाचं नाव घालायला लावलं. लाज वाटावी म्हणून लावलेलं ते लेबल पुढं जर्मनांनी मिरवलं.

मुठीकडे या. खडबडीत, तपकिरी, झाडाच्या सालीसारखी मूठ असेल तर ते सांबरशिंग असू शकतं. शेफील्डला सांबरशिंग जायचं ते मुख्यतः आपल्याच जंगलांतून. म्हणजे शिंग बोटीनं विलायतेला गेलं आणि मूठ होऊन कुणा मामलेदाराच्या खिशात परत आलं. पांढरी मूठ असेल तर लगेच हस्तिदंत म्हणून हुरळू नका. हाडाच्या मुठीवर बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. दोन्ही नसेल आणि बोटानं जोरात चोळल्यावर देवघरातल्या कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड, कारण ते करताना कापूरच घालत. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. तेव्हा कुणी ‘चांगले पैसे देतो’ म्हणत दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. चहाही नाही पाजला तरी चालेल.

सेल्युलॉइडचा मला बसलेला फटका सांगते. कासवाच्या पाठीच्या रंगाची एक सुंदर मूठ होती, ती मी कौतुकानं इतरांच्या मधोमध ठेवली होती. पावसाळ्यानंतर खण उघडला तर तिच्या आजूबाजूचे चार चाकू लाल झालेले. जुनं सेल्युलॉइड विरायला लागलं की त्यातून वाफा सुटतात आणि शेजारचं पोलाद खातात. आता ती बाई एकटी राहते, वेगळ्या डबीत, झाकण किंचित उघडं ठेवून.

चाकू सापडला की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे त्याला चकचकीत करणं. कृपा करा, ते करू नका. भांडी घासायची पावडर नको, चिंच नको, पॉलिशपेपर तर नकोच. पात्यावरचा काळसर निळा थर हा गंज नव्हे. तो कैऱ्या, लिंबं, पेरू यांचा हिशेब आहे आणि तो पोलादाला सांभाळतो. लाल, भुरभुरणारा तो गंज. तेवढाच तेलात भिजवलेल्या कापडानं हळूहळू उतरवायचा. तेल शिलाई मशीनचं. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि एरवी चिकटतं. पातं रुतलं असेल तर पक्कड लावू नका. सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर ठेवा, पुन्हा सोडा. आठ दिवस लागले तर लागू द्या. पन्नास वर्षं तुम्ही तरी कुठं विचारलं होतं त्याला?

आणि रस्त्यावरच्या, विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या चाकावर धार लावायला देऊ नका. जुने लोक पोलादाचं ‘पाणी’ म्हणत. तापवून, विझवून पात्याला दिलेला कणखरपणा म्हणजे ते पाणी. चाकावर ठिणग्या उडतात, पातं टोकाकडे निळं पडतं, बघणाऱ्याला वाटतं वा काय धार, आणि तिथंच पाणी उतरलेलं असतं. मग ते पातं आठवड्यात बोथट होतं आणि त्याला इलाज नाही. सायकलवर पायानं चाक फिरवणारा धारवाला निदान हात राखून असायचा. आमच्या पेठेत तो आता येत नाही.

भीतीचं बोलते, कारण अर्धे चाकू भंगारात जातात ते भीतीपोटी. ‘घरात शस्त्र नको,’ ‘पोलिसांची झंझट नको.’ यात हिंदी सिनेमाचा वाटा मोठा. चाकू म्हटलं की अंधारात कट्कट् करत उघडणारा रामपुरी डोळ्यांपुढं येतो. रामपूरच्या लोकांना त्याचा अभिमान आहे, त्यांनी २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभारला. तो त्यांचा प्रश्न. पण सगळ्या घडीच्या चाकूंना त्या एका रांगेत उभं करणं हे म्हणजे गावात एक चोर निघाला म्हणून सगळ्यांच्या झडत्या घेण्यासारखं झालं. जपानमध्ये असं झालंय. तिथं शाळकरी पोरं पेन्सिलीला ‘हिगोनोकामी’ नावाचा साधा घडीचा चाकू वापरत. १९६० साली एका राजकीय पुढाऱ्याचा भर सभेत खून झाला आणि त्यानंतर मुलांच्या हातात चाकू नको अशी चळवळ उठली. खून झाला होता आखूड तलवारीनं, आणि दप्तरातून गेला पेन्सिलीचा चाकू. मिकी नावाच्या ज्या गावात तो बनायचा, तिथं आता त्या नावावर हक्क सांगणारं एकच घराणं उरलंय.

आपला कायदा, मी वाचला तेवढा, लोकांच्या भीतीपेक्षा शहाणा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानं निव्वळ घरगुती आणि शेतीच्या वापराच्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. नियमांतल्या यादीत चाकू येतात ते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, आणि त्यातूनही घरकामाचे, शेतीचे, कारखान्याचे वगळून. अण्णांच्या चाकूचं मोठं पातं अडीच इंच होतं. खटक्याचे, बटणाचे चाकू ही वेगळी जात. दिल्लीत १९८० सालच्या अधिसूचनेनं त्यांच्यावर बंधनं घातली, त्यात ‘गरारीदार’ असा शब्द आहे, तो मला फार आवडतो. असला चाकू निघाला तर जाणत्या वकिलाला विचारा. साधा असेल तर घरात सुखानं ठेवा. बाहेर मात्र मिरवू नका. पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली सणासुदीला, मोर्च्याच्या दिवसांत चाकू, काठ्या घेऊन फिरायला मनाई निघते, आणि तेव्हा हवालदाराला तारा आणि क्रूस दाखवून उपयोग नाही. विमानात हातातल्या पिशवीत तर चुकूनही नाही. माझ्या चुलतभावाचा रत्नागिरीच्या आजोबांकडून आलेला चाकू एका विमानतळावर असाच एका पारदर्शक पेटीत गेला, नखं कापायच्या कात्र्या आणि लायटरांच्या ढिगात. सुरक्षेवाल्या मुलीनं नियमाप्रमाणेच केलं. भावानं पिशवी भरताना डोकं वापरलं नाही.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय तुम्हाला उपदेश करायचा मला अधिकार नाही.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी एका पेठेतल्या वाड्यात सामान विकायला काढलंय असं कळलं म्हणून गेले. ओसरीवर नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या, पुढ्यात सतरंजीवर वस्तू. त्यात तीन पात्यांचा चाकू. बुडाशी मुकुट, ‘व्ही’, ‘आर’. माझ्या छातीत धडधडायला लागलं. दारात एक व्यापारी चपला काढत होता, त्याला मी ओळखत होते. आजी म्हणाल्या, “हा ना, मामंजींचा हो. ते पंढरपूरला जायचे ना, तर तेव्हा...” आणि मी त्यांचं वाक्य तोडलं. शंभराची नोट हातात दिली, नमस्कार केला, निघाले. व्यापाऱ्याच्या आधी.

तो माझ्या संग्रहातला सगळ्यात देखणा चाकू आहे आणि त्याच्याविषयी मला काहीही ठाऊक नाही. पंढरपूरला जायचे, तर तेव्हा काय? बोटवाल्याची दोरी कापली? कुणाची लेखणी तासली? नुसती काकडी सोलली? पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा तिथं पार्किंग होतं.

तेव्हा मंडळी, मागणं एवढंच आहे. खण उघडा. शिलाई मशीनचा, देवघराखालचा, आजोबांच्या टेबलाचा डावीकडचा. चाकू निघाला तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. हो, हातात. आपल्याकडे चाकू हातात देऊ नये, भांडण होतं, खाली ठेवावा आणि दुसऱ्यानं उचलावा म्हणतात. तसं मानत असाल तर खाली ठेवा, पण ठेवा त्यांच्यापुढं, आणि गप्प बसून ऐका. मग एक चिठ्ठी लिहा. कुणाचा, कुठून आणलेला, त्यानं काय कापत असत. पेन्सिलीनं लिहा, शाई उडते. चिठ्ठी आणि चाकू एका सुती फडक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो.

किंमत विचारायला माझ्याकडे येऊ नका. सांगून टाकते, बहुतेकांची शे-दोनशेच्या वर नाही. मला विकूही नका. माझ्या कपाटात तो बासष्टावा होईल, तुमच्या घरात तो एकटा आहे.

खंडेनवमीला पाटावर कोयता, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हल्ली लॅपटॉपसुद्धा मांडता. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड म्हणून अडकित्ता किंवा चाकू ठेवायची चाल अजून कुठं कुठं आहे. या वेळी पाटाच्या कोपऱ्यात खिशातल्यालाही जागा करा. हळदकुंकू मुठीला लावा, पात्याला नको. हळदीचा डाग निघतो, पण ओलाव्यानं गंज धरतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
समोरच्या इमारतीतली काकू

ता. क. : त्या बिस्किटांच्या डब्यातल्या चाकूला अकरा दिवस तेल सोडत होते. काल संध्याकाळी छोटं पातं उघडलं. झिजून झिजून दातकोरण्यासारखं झालेलं, टोक मात्र शाबूत. मी मनाशी पक्कं केलं की हे पेन्सिलीचं पातं, आजोबा मास्तर नाहीतर नकाशे काढणारे असणार. फोटो काढून त्या घरच्या मुलाला पाठवला. त्यानं नागपूरच्या आत्याला पाठवला. आत्या सत्त्याऐंशीच्या. रात्री साडेदहाला त्यांचा मलाच फोन. “पेन्सिली कसल्या डोंबलाच्या! बाबा पायाची कुरुपं कापायचे त्यानं. आणि मग त्याच चाकूनं आम्हाला सफरचंद. आई दर रविवारी भांडायची.” पुढं अर्धा तास बोलत होत्या. आज सकाळी मुलगा येऊन चाकू परत घेऊन गेला. चिठ्ठी आत्याच सांगतायत फोनवर, तो लिहून घेतोय, दुसरा कागद लागला म्हणाला.